उतारावर ब्रेकला करपट वास का येतो?

प्रश्न : घाट उतरताना पंधरा-वीस मिनिटांत चाकांपाशी करपट वास येतो आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. पॅड नवे आहेत. पेट्रोल वाचावं म्हणून मधूनमधून न्यूट्रलवर उतरतो. त्याचा संबंध असेल का?

उत्तर : थेट संबंध आहे. न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापले तर पेडल कडकच लागतं, पण गाडी थांबत नाही. तुमचं पेडल खोल जातंय, म्हणजे बहुधा ब्रेक ऑइल उकळतंय. त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर हा आकडा १५५ च्या आसपास येतो. म्हणून पातळी पुरेशी दिसली तरी दर दोन वर्षांनी ते बदलाच.

पेट्रोलचा हिशोबही उलटा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत गिअर असताना एक्सलेटर सोडला की उतारावर इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

उतार लागायच्या आधीच दुसरा गिअर टाका. तरी गाडी पळू लागली तर वेग कमी करून पहिला. ‘ज्या गिअरने चढाल त्यानेच उतरा’ हे जुन्या गाड्यांना ठीक होतं. आजच्या गाड्या तिसऱ्यातही सहज चढतात, म्हणून एक गिअर खालचाच बरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा लाल पट्ट्यात जाऊ नये एवढंच. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग ४० झाला की ठाम दाबून २५ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. वळणाआधीचा ब्रेक वळणाआधीच संपवा.

वास आलाच तर रुंद, सपाट जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. चालताना पेडल तळाला गेलं तर ते झपझप मारत राहा, एकेक गिअर उतरवा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीत काय करायचं?

उत्तर : ‘डी’वर सोडू नका. ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड घ्या, म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये राहील.

प्रश्न : चढाच्या हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणावर, गाडी मधेच बंद पडते.

उत्तर : वळणाची आतली कड सर्वांत खडी असते आणि तुम्ही बहुधा तिथूनच चढता. आपल्याच लेनमध्ये राहून थोडं बाहेरून घ्या. पहिला गिअर वळणाच्या तोंडाशीच पडलेला हवा.