वाचकांचे प्रश्न : कागदावर हशा, मंचावर शांतता

प्रश्न : आमच्या मंडळाने गणपतीत ‘द टू रॉनीज’ या ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमातलं हार्डवेअरच्या दुकानाचं प्रहसन मराठीत केलं. गिऱ्हाईक ‘दोन पाने’ मागतं, दुकानदार विड्याची पाने देतो. पुढे पत्रे, मग फळे. संहिता वाचून सगळे हसले होते, मंचावर मात्र कुणीच हसलं नाही. काय चुकलं? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तुमचे तिन्ही शब्द फक्त लिहिण्यात जुळतात. नट आवळायचे ते बोलतानाही ‘पाने’च राहतात, विड्याची मात्र ‘पानं’ होतात. पत्रे-पत्रं, फळे-फळं यांचंही तेच. कानाला फरक कळला की दुकानदार गोंधळलेला नाही, बावळट वाटतो.

बीबीसीवर हा कार्यक्रम १९७१ ते १९८७ चालला. हे प्रहसन १९७६चं. रॉनी बार्करने ते जेराल्ड वायली या टोपणनावाने लिहिलं आणि गिऱ्हाईकही तोच झाला. ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागकामाच्या काट्याचे दांडे, मागितले तर रॉनी कॉर्बेटचा दुकानदार ‘फोर कँडल्स’ ऐकून चार मेणबत्त्या ठेवतो. गिऱ्हाईक बोलीत ‘ह’ गिळतं, म्हणून ‘होज’चंही ‘ओज’ होतं आणि त्या एकाच शब्दावर खुरपणीचं अवजार, पाण्याचा पाइप, बायकांचे लांब मोजे निघतात, हवी असतात फाटकावर लावायची ‘ओ’ अक्षरं. सगळी गंमत त्या गिळलेल्या ‘ह’मध्ये आहे.

ते काम आपल्याकडे वऱ्हाडी करेल. ‘ळ’चा ‘य’ होतो, तेव्हा लाइटची माळ मागणारा म्हणेल, “एक माय द्या.” दुकानदार म्हणेल, “माय घरी हाय!” गिऱ्हाईकाची भूमिका घरी वऱ्हाडी बोलणाऱ्यालाच द्या, उसनी बोली लगेच खोटी वाटते.

‘टिकाव आहे का?’ या प्रश्नावर दुकानदार मालाची हमी देत सुटेल. सगळ्यात कसदार शब्द ‘चुका’. ‘पाव किलो चुका द्या’ म्हटल्यावर आधी आंबट चुक्याची जुडी येते. “भाजी नाही, चुका!” यावर दुकानदार चिडतो, “आमच्या दुकानात चुका होत नाहीत.” शेवटी छोटे खिळे निघतात. त्यासाठी दुकान किराणा, भाजी, हार्डवेअर असं सगळं विकणारं दाखवा, नाहीतर जुडी येणार कुठून?

चुकून आणलेली वस्तू काउंटरवरच राहू द्या आणि ती दिसल्यावर दोन सेकंद कुणी बोलू नका. हशा तिथेच येतो. गिऱ्हाईकाने शब्द दर वेळी त्याच सुरात म्हणायचा. त्याने प्रेक्षकांकडे पाहून जोर दिला की दुकानदाराचा गैरसमज खरा वाटत नाही. पाच शब्द पुरेत, ‘चुका’ शेवटी ठेवा.