देवापुढे बसताना

चि.स अनेक आशीर्वाद.

नव्या घरात देव्हारा मांडलास, वाचून फार बरं वाटलं. पूजा 'मनाला वाटेल तशी' केली तर चालेल का, असं विचारलं आहेस. माझ्या मते नाही. सोळा उपचारांचा क्रम नीट बघ: आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, मग स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं आपण याच क्रमाने करतो. तो आपल्या लहरीने फिरवला की सेवा बाजूला राहते आणि आपली हौस पुढे येते.

रोज सोळा उपचार करायला जाऊ नकोस. साधं स्नान घालून गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच पुरेत. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण ठरवलंस की रोज. चतुर्थीला दणक्यात अभिषेक आणि पुढे आठवडाभर देव पारोसे, असं बहुतेक घरांत होतं. त्यापेक्षा थोडं ठरव आणि मोडू नकोस.

ताम्हण, पळी-पंचपात्र, सहाण, निरांजन पुण्यातच तुळशीबागेत मिळेल. गंध उगाळताना पाणी थेंबाथेंबाने घाल. पातळ झालं तर मूर्तीवरून ओघळतं, फार दाट झालं तर वाळून पापुद्रे सुटतात. स्नानानंतर देव कोरड्या सुती कापडाने पूर्ण टीप, मगच अनामिकेने गंध लाव. ओल्या मूर्तीवर फुलं वाहिली की ती दुपारपर्यंत कुजतात.

सणाला पंचामृत असेल तर दूध, दही, तूप, मध, साखर असा क्रम, आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. साखर शेवटी येते, ती हलक्या हाताने चोळली की तूप-मधाचा चिकटपणा निघतो. तरी शेवटी कोमट पाणी हवंच, नाहीतर मूर्तीच्या खाचांत दूध राहून वास येतो. दही तांब्याच्या भांड्यात ठेवू नकोस, कळकतं.

आता शास्त्राच्या आज्ञेचं. गणपतीला दूर्वा वाहायच्या, तुळस नाही. अपवाद फक्त भाद्रपद चतुर्थीचा. शाळिग्रामाला तुळस हवीच, अक्षता नाहीत. बेल शंकराला पालथा वाहायचा. यातलं प्रत्येक 'का' जरूर विचार, जाणत्यांकडे जाऊन शोध. मात्र उत्तर मिळेपर्यंत पाळणं थांबवू नकोस. पटेल तेवढंच पाळायचं म्हटलं तर आपण देवाचं नाही, स्वतःचंच ऐकत असतो. शनिवार पेठेत ओंकारेश्वराला, शंकराच्या देवळात, जाशील तेव्हा प्रदक्षिणा सोमसूत्रापर्यंतच घाल. अभिषेकाचं पाणी वाहून नेणारी ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथून मागे फिरायचं आणि उलट येऊन पुन्हा तिच्या दुसऱ्या कडेपर्यंत जायचं. पाय पुढे जायला निघालेले असतात, तेव्हाच ते थांबवायचे. हे एकदा लक्ष देऊन कर.

मन लागत नाही असे दिवस येतील. त्या दिवशी मंत्र भरभर उरकू नकोस. एकच स्तोत्र म्हण, पण स्वच्छ उच्चारांत. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. नैवेद्य दाखवण्याआधी चव घेऊ नकोस, मीठ अंदाजानेच घाल.

निर्माल्य मुठा नदीत सोडू नकोस. प्लास्टिक, दोरे काढून कुंडीतल्या मातीत पुर. गावाला गेलास तर सकाळी आंघोळ झाल्यावर डोळे मिटून हेच पाच उपचार, याच क्रमाने, मनात कर.

तुझ्या काळजीत असणारे,
काका