तिने, तिचा, तिला: ‘गर्भपात’ या शब्दासोबतची क्रियापदे

तत्त्वज्ञानावरील एका निबंधाचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका अभ्यासकाने विचारले आहे की, ‘गर्भपात झाला’, ‘गर्भपात केला’ आणि ‘गर्भपात करावा लागला’ यांपैकी नेमके काय लिहावे. निबंधाचा विषय असा : माणसाचा प्रत्येक निर्णय आधीच्या कारणांनीच ठरत असेल, तर गर्भपाताच्या निर्णयाबद्दल कोणाला दोष देता येईल का, आणि तो निर्णय घेण्याचा हक्क तरी कोणाचा म्हणता येईल का? ‘करावा लागला’ असे लिहिले तर त्या स्त्रीचे स्वातंत्र्यच आपण नाकारतो का, अशी त्यांची शंका आहे. ‘नियती’ हा शब्द या विषयात चालेल का आणि ‘भ्रूणहत्या’ वापरावा का, हेही त्यांनी विचारले आहे.

या प्रश्नाचे मर्म क्रियापदापेक्षा विभक्तीत अधिक आहे. ‘तिचा गर्भपात झाला’ या वाक्यात ती षष्ठीत आहे. घटना तिच्या शरीरात घडली आहे, पण कर्तेपण तिच्याकडे नाही. ‘तिने गर्भपात केला’ म्हटले की ती तृतीयेत येते आणि कृतीची सगळी जबाबदारी तिच्या नावावर लागते. ‘तिला गर्भपात करावा लागला’ यात ती चतुर्थीत आहे. कृती तिचीच, पण तिला तेथवर आणणारे काहीतरी वाक्याबाहेर उभे आहे. ‘सासरच्यांनी तिचा गर्भपात करवून घेतला’ असे म्हटले की ती पुन्हा षष्ठीत जाते आणि कर्तेपण दुसऱ्यांकडे जाते. एकच स्त्री, एकच रुग्णालय, कदाचित एकच दिवस. पण चार वाक्यांत चार वेगळे नैतिक निवाडे आधीच होऊन गेलेले असतात.

मूळ शब्द मात्र याबाबत काहीच सांगत नाही. ‘पात’ म्हणजे पडणे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, शरीर स्थिर झाल्यावर, गेला तर ‘पात’ असा भेद केला आहे. तेथेच फळाचा दृष्टान्त आहे : पिकलेले फळ काळ आला की देठापासून आपोआप सुटते, तसे मूल जन्माला येते, आणि कीड, वारा किंवा आघात यांमुळे फळ अकाली गळावे, तशी गर्भाची च्युती होते. त्या दृष्टान्तात फळ तोडणारा हात नाही. आज मात्र आपण आपोआप पडलेल्या आणि हेतुपुरस्सर पाडलेल्या, दोन्हींना ‘गर्भपात’च म्हणतो आणि भेद दाखवण्याचे काम क्रियापदावर सोपवतो. बोलीने ते काम फार पूर्वीच केले आहे. पडणे–पाडणे ही जोडी गळणे–गाळणे, मरणे–मारणे यांसारखीच. ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यांत फक्त एका स्वराचा फरक आहे आणि गावात त्या एका स्वरावर बाईची अब्रू ठरते.

हा फरक किती जड असतो ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा तिसऱ्या महिन्यात आपोआप गर्भपात झाला. घरी आणलेल्या कागदावर डॉक्टरी भाषेतला ‘अबॉर्शन’ हा शब्द होता, कारण वैद्यकात तो दोन्ही प्रकारांना वापरतात. थोरल्या जाऊबाईंनी तो वाचला आणि ‘म्हणजे हिने पाडलं?’ असे विचारले. त्या मुलीने कागद हातातून काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. ‘नैसर्गिक गर्भपात’ असे दोन शब्द मराठीत लिहिले असते, तर तो प्रश्न विचारला गेला नसता. म्हणून अनुवादातही जेथे संदिग्धता राहील तेथे ‘नैसर्गिक’ किंवा ‘वैद्यकीय’ हे विशेषण अवश्य लावावे.

हेतुपूर्वक निर्णयासाठी मी ‘तिने गर्भपात करून घेतला’ हे रूप सुचवेन. आपण ‘दात काढून घेतला’, ‘शस्त्रक्रिया करून घेतली’ असे म्हणतो. हात डॉक्टरांचा असतो, पण निर्णय आणि शरीर ज्याचे त्याचे असते. ‘करून घेणे’ आणि ‘करवून घेणे’ यांतील ‘व’कडे मात्र लक्ष ठेवावे, कारण तो बहुधा दुसऱ्याकडून करवण्याचा अर्थ आणतो.

मग ‘करावा लागला’ हे स्वातंत्र्य नाकारते का? मला तसे वाटत नाही. ‘मला नोकरी सोडावी लागली’ म्हणणारा माणूस आपण विचार केला नाही असे म्हणत नसतो. विचार केला, पण दुसरी वाट परवडणारी नव्हती, असे सांगत असतो. हे रूप निर्णय पुसत नाही, त्याची किंमत सांगते. स्वातंत्र्याचा अभावच सांगायचा असेल तर ‘तिच्यावर गर्भपात लादला’ असे स्पष्ट लिहावे. आणि याच्या उलट बाजूला आपले शक्य क्रियापद आहे. ‘मला हे करवत नाही’ म्हणणाऱ्या स्त्रीला कोणी अडवलेले नसते. तिचे मनच तयार होत नाही. तत्त्वज्ञ ज्या प्रश्नाशी झुंजतात तो मराठी बाई एका ‘व’मध्ये सांगून मोकळी होते.

कायद्यालाही विभक्ती निवडावीच लागली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ ने स्वतःचा गर्भपात घडवून आणणाऱ्या स्त्रीलाही गुन्ह्याच्या कक्षेत ठेवले होते. तेथे ती ‘तिने’ होती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याने विशिष्ट परिस्थितीत मार्ग खुला केला, पण निर्णयाचा आधार म्हणून डॉक्टरांचे मत ठेवले आणि स्त्रीकडे ‘संमती’ ठेवली. संमती म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या गोष्टीला दिलेला होकार. ती ‘निवड’ नव्हे, हा भेद अनुवादात पुसू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा तर असे गृहीतच धरतो की, गर्भवतीला पतीने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असावे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती ‘तिला’ आहे. म्हणजे एकाच देशात तीन कायद्यांनी तिला वेगवेगळ्या जागी उभे केले आहे.

आता ‘नियती’. हा शब्द या निबंधात टाळावा असे माझे ठाम मत आहे. नियती म्हटले की मराठी मनात ‘व्हायचे ते होणारच’ हा अर्थ उमटतो. आपण काहीही केले तरी शेवट तोच. निबंधातला विचार तसा नाही. अमुक कारणे असतील तर अमुकच घडेल, आणि माणसाचा निर्णय हेही त्या कारणांपैकीच एक, असे तो म्हणतो. पहिल्यासाठी ‘दैववाद’ आणि दुसऱ्यासाठी ‘नियतत्ववाद’ असे वेगळे शब्द ठेवले तर गोंधळ होणार नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत दैव पाचवे आहे आणि कर्ता त्याच्या आधीच येऊन गेला आहे. तेव्हा दैव हे अनेकांतले एक, एवढीच त्याची जागा. गंमत म्हणजे ‘नियती’, ‘नियत’ आणि ‘नियमन’ हे तिन्ही ‘यम्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र उघडून ज्या संततिनियमनाचा आयुष्यभर पुरस्कार केला, त्यातले ‘नियमन’ माणसाच्या हातचे आहे, आणि नियती त्याच धातूची असून हाताबाहेरची.

इच्छेच्या बाजूला ‘फ्री विल’चा ‘मुक्त इच्छा’ हा शब्दशः अनुवाद मला पोकळ वाटतो. इच्छा नुसती होते. संकल्प करावा लागतो. म्हणून ‘संकल्पस्वातंत्र्य’ बरा. पण त्याहून जिवंत शब्द दस्तऐवजांत आहेत : ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देते.’ या ओळीत निर्णयामागे कारणे नसावीत अशी कोणाचीच अपेक्षा नाही. दडपण नसावे, एवढीच आहे. कारण आणि दडपण यांतला हा भेद निबंधाच्या मध्यावर उपयोगी पडेल.

‘भ्रूणहत्या’ मात्र वर्णनासाठी वापरू नये, कारण ‘हत्या’ म्हटले की वाद सुरू होण्यापूर्वीच निकाल लागतो. गर्भपाताला विरोध करणाऱ्याचे मत मांडताना तो त्याचा शब्द म्हणून अवतरणात द्यावा, तो त्याचा हक्क आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द चांगल्या हेतूने रुजला, पण त्यात दोष गर्भपाताचा वाटतो, मुलगी नको म्हणून निवडण्याचा नाही. ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द नेमका दोषावर बोट ठेवतो.

एक गोष्ट मला या निमित्ताने अस्वस्थ करते. ‘दिवस गेले’, ‘गर्भ राहिला’ असे आपण म्हणतो. तेथे दिवस कर्ता, गर्भ कर्ता, पुरुष कोठेच नाही. गर्भधारणेची रोजच्या बोलण्यातली क्रियापदे बहुतेक अकर्मक आणि ती संपवण्याची सकर्मक. सुरुवात आपोआप होते आणि शेवट मात्र तिने केलेला असतो, असे भाषाच सुचवत राहते. पाणिनीने ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी व्याख्या केली, पण परंपरेने ‘हंडी शिजवते’ असेही वाक्य मान्य केले, कारण कोणाला कर्ता करायचे ही बोलणाऱ्याची विवक्षा, म्हणजे सांगण्याची इच्छा, असते. तेव्हा अनुवादात निबंधाचे पहिले वाक्य मी असे करीन : ‘त्या दोघांकडून गर्भ राहिला, आणि दोन आठवडे विचार करून तिने गर्भपात करून घेतला.’ ‘त्या दोघांकडून’ कानाला थोडे खटकते. तरी ते काढू नये.