अहिल्यादेवींचं ३०० रुपयांचं नाणं आठवण म्हणून घ्यावं का? सोलापुरात कुठे मिळेल, आणि पुढे किंमत वाढेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून निवृत्त होतायत, त्यांना हे नाणं द्यायचंय, आणि 'इन्व्हेस्टमेंट म्हणून पण बरं पडेल ना?'

कुठे मिळेल, याचं उत्तर लगेच देतो. बँकेत जाऊ नका, कॅशियर तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ते प्रकाशित झालं, पण एवढ्या मोठ्या रकमेची स्मारक नाणी व्यवहारात येतच नाहीत. सरकारी टांकसाळीच्या वेबसाइटवर बुकिंग निघतं, तेव्हा पैसे भरायचे आणि विसरून जायचं. काही महिन्यांनी पोस्टानं डबा येतो. बुकिंग बंद झालं असेल तर नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून, तो म्हणेल त्या भावानं.

आता ते 'इन्व्हेस्टमेंट'. हा शब्द वाचला आणि मला आमचे दाजी आठवले, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आमचे आण्णा गिरणीत कामाला होते. १९९० मध्ये बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं एक रुपयाचं नाणं निघालं होतं, ते त्यांना सिटी बसमध्ये सुट्ट्या पैशांत मिळालं. ते त्यांनी कधी खर्चलं नाही. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, तंबाखूच्या पुडीला लागून, पंचवीस वर्षं. शेवटी शेवटी त्यावर बोट फिरवलं की नाकाचा उंचवटा तेवढा लागायचा, बाकी सगळं सपाट. गिरणी बंद पडली, घरात चुलीची पंचाईत झाली, तरी तो रुपया तिथंच होता. आई चिडवायची, "तेवढा एक रुपाया सांभाळला यांनी."

६ डिसेंबर २०१५ ला बाबासाहेबांच्या १२५व्या जयंती वर्षाचं १२५ रुपयांचं नाणं निघालं, सोबत १० रुपयांचंही. मी तेव्हा नुकता नोकरीत कायम झालो होतो. कुणाला न विचारता बुक केलं, तीन हजारांच्या वर गेले. घेतलं तेही प्रूफ. साधं यूएनसी (म्हणजे नेहमीसारखं ठोकलेलं, न वापरलेलं) स्वस्त पडलं असतं, पण प्रूफची गोष्ट वेगळी. पॉलिश केलेल्या साच्यानं ते एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात, त्यामुळे चेहऱ्यामागची पाटी आरशासारखी आणि चेहरा दुधी, जणू काचेवर वाफ धरलीय. मुंबईच्या टांकसाळीचं असेल तर सालाखाली बारीक 'एम' असतो.

डबा आला त्या दिवशी आण्णांनी हात धुतले, पंच्याला कोरडे केले आणि डबा खिडकीशी नेला. नाणं बाहेर काढलं नाही, प्लॅस्टिकच्या कुपीतच तिरपं करून बघितलं. म्हणाले, "ह्यात माझंच तोंड दिसालंय की." मग पाकिटातला रुपया काढून शेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत बसले. माझे तीन हजार तिथंच वसूल झाले.

पुढच्या जयंतीला ताई आणि दाजी आले. दाजींचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत. माणूस चांगला आहे, अडीनडीला पहिला धावून येतो (हे लिहिलं नाही तर ताई माझ्याशी बोलणार नाही). पण कुठलीही वस्तू दिसली की पहिला प्रश्न एकच, "कितीला?"

"काय बे, हे कितीला घेतलास?"

मी सांगितलं. दाजी काही बोलले नाहीत, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी मी कामावर, आण्णा दुपारचे झोपलेले. दाजींनी कुपी उघडली, नाणं रुमालात गुंडाळलं आणि ओळखीच्या सराफाकडे गेले. सराफानं सराफाचं काम केलं. कड कसोटीच्या दगडावर ओढली आणि सांगितलं, निम्मी चांदी.

मी संध्याकाळी आलो तर दाजी विजयी मुद्रेनं बसलेले. "अर्धी चांदी बे! सरकारनंच गंडवलं तुला." नाणं टेबलावर, उघडं. कडेला नखाएवढा पट्टा घासून मळकट झालेला आणि बाबासाहेबांच्या खांद्याजवळ, बरोबर त्या आरशावर, अंगठ्याचा ठसा. आजही तो ठसा आहे. प्रूफवर घामाचा हात लागला की काही दिवसांनी तो आत मुरतो, मग काही केल्या जात नाही.

अहो, निम्मी चांदी हे गुपित होतं का? ३५ ग्रॅमचं नाणं, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५-५ टक्के निकेल आणि जस्त. सरकार हे राजपत्रात छापतं. त्यासाठी दगडावर घासायची काय गरज? आणि दाजी, तुम्ही तुमचा टॉवेल सुताच्या भावानं विकता का? (हे मला त्या रात्री अंथरुणात सुचलं. तेव्हा नुसता धुमसत बसलो होतो.)

बरं, हा माणूस कुठल्या घरातला? यांच्या वडिलांकडे १९६९ ची गांधी शताब्दीची दहा रुपयांची चार नाणी होती. १५ ग्रॅमचं नाणं, ८० टक्के चांदी, म्हणजे एकात १२ ग्रॅम. ती मोडून ताईला पैंजण केले, आणि पैंजण पुढे घर बांधताना विकले. हे मला नाण्यांचा हिशेब शिकवणार!

आण्णा मात्र काही चिडले नाहीत. "राहू दे, हात लागल्याशिवाय नाणं कसलं," एवढंच म्हणाले. ते माझ्या बाजूनं बोलले की दाजींच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, घ्या. प्रूफ घ्या. कुपी उघडू नका, उघडलीच तर फक्त कडेला धरा. चिंच, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावू नका, काळं पडलं तर पडू द्या. घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो. पीव्हीसीच्या पातळ पाकिटात ठेवलं तर हिरवट चिकटा धरतो. आणि सराफाला दाखवू नका.

किंमत वाढेल म्हणून घेत असाल तर नका घेऊ. 'वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो रुपये मिळवा' वगैरे जे फिरतं ते सगळं लुबाडायचं काम. आधी 'फी' मागतात, मग 'टॅक्स' मागतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही. ज्या गावात रिक्षावाला साधं दहाचं नाणं घेताना कुरकुरतो, तिथं ३०० चं घेऊन कुठं जाणार? चांदीच हवी असेल तर सरळ चांदी घ्या.

हां, एक कबूल करायला पाहिजे. हिशेबापुरते दाजी बरोबरच होते. माझ्या नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदीनं किलोला लाखाचा टप्पा गाठला तेव्हा त्या चांदीचे १,७५० रुपये होत होते, म्हणजे तेव्हाही मोजलेल्या पैशांच्या खालीच. शिवाय सगळी नाणी निम्म्या चांदीची नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नव्वद वर्षांचं २०२४ चं ९० रुपयांचं नाणं शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी वजन आणि धातू वाचून घ्या, म्हणजे नंतर कुणी दगडावर घासून सांगायला नको.

चांदी लाखावर गेली त्या आठवड्यात दाजींचा फोन आला होता. "आता विकतोस का बे? मी घेतो की." मी विचारलं, कुठल्या भावानं. म्हणाले, "चांदीच्या."

बुकिंग करताना पत्ता मात्र घरचा देऊ नका, ऑफिसचा द्या.