फ्लॅटच्या छोट्या बाल्कनीत झाडं लावून मनाला खरंच शांत वाटतं का?

तुम्ही विचारलंय की दिवसभर लॅपटॉपसमोर बसून डोकं भणभणतं, रात्री लवकर झोप लागत नाही, तर चार कुंड्या आणून काही फरक पडेल का. पडतो, असं मी अगदी मनापासून सांगते. झाडं नुसती बघूनही बरं वाटतं, पण त्यांचं काही केलं की जास्त बरं वाटतं. म्हणून सजावटीला महागडी झाडं आणू नका, हात मातीत जातील अशी आणा.

बघण्याबद्दल आधी सांगते. 1984 साली रॉजर उलरिक या संशोधकांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या काही पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती, काहींना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. पुढे 2011 मध्ये नेदरलँड्समधला एक प्रयोग आला. आधी सगळ्यांना ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांनी अर्धा तास बागकाम केलं, निम्म्यांनी आत बसून वाचन. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांचं जास्त. त्यांचा मूडही पूर्ववत झाला, वाचणाऱ्यांचा झाला नाही. माणसं तीसच होती आणि सगळी मुळातच बागकामाची आवड असलेली, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण माझा अनुभव त्याच दिशेचा आहे.

मी ठाण्यात राहते. बाल्कनी पूर्वेची, सकाळचं ऊन चांगलं येतं. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, ग्रिलवर चढवलेली गोकर्ण आणि एका पसरट ट्रेमध्ये कधी मेथी, कधी कोथिंबीर. सकाळी फोन आतच ठेवून मी तिथे जाते. कुंडीत बोट खुपसून बघायचं, वरचं पेरभर माती कोरडी असेल तरच पाणी घालायचं. पान उलटून मावा किंवा पिठ्या ढेकूण अशी कीड आलीय का ते पाहायचं. पिवळी पानं खुडायची. एवढं करताना ऑफिसचा विचार करायला डोकं मोकळंच राहत नाही, आणि तरीही थकवा येत नाही. स्क्रीनवर कोणीतरी सतत आपलं लक्ष ओढत असतं. इथे लक्ष आपण आपल्या मर्जीने देतो, मला वाटतं फरक तिथेच पडतो.

आता कढीपत्त्याची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पानं कडेने कुरतडलेली दिसली की नीट शोधा. पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल, तीच अळी. काही जातींच्या फुलपाखरांची आहे ती, लिंबू आणि कढीपत्ता ही त्यांची आवडती झाडं. मोठी झाली की हिरवीगार होते. हळूच डिवचलंत तर डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग एके दिवशी काडीला रेशमाचा पट्टा बांधून कोष करते. मी तिच्यासाठी एक फांदी राखूनच ठेवते, फोडणीला बाकीचं झाड पुरतं. कोष झाला की मजल्यावरची पोरं शाळेतून आल्या आल्या बेल वाजवतात, "काकू, निघालं का?" असं विचारत. एरवी लिफ्टमध्ये मान वर न करणारे शेजारी आता गवती चहाची पात मागायला येतात. माणसांशी असं सहज बोलणं होणं हेही मनाला हवंच असतं, आणि मला तर तो बागेचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

तुम्ही सुरुवात मेथीने करा. थकलेल्या मनाला लवकर दिसणारं काहीतरी हवं असतं. घरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी ओल्या मातीवर पसरून वर पातळ थर द्यायचा. तीन-चार दिवसांत कोंब माती उचलून वर येतात आणि महिन्याभरात कोवळी भाजी मिळते. कोथिंबिरीसाठी धणे हलक्या हाताने रगडून दोन भाग करून पेरा, तिला उगवायला आठवडा-दीड आठवडा लागतो. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एवढं पुरे. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी तुंबत नाही. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी मात्र आठवणीने ओतून टाका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. एकदम दहा झाडं आणू नका, नाहीतर कामांच्या यादीत आणखी दहा कामं वाढतील.

झोपेबद्दल एक सांगते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. कुंड्या सोबतीला असू द्यात, उपचारांच्या जागी नकोत.

मोगरा घ्यायचा मोह होईल, पण त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, नाहीतर नुसती पानं येतात. बाल्कनी उत्तरेची असेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट किंवा अळू लावा. तुमच्याकडे ऊन केव्हा आणि किती वेळ येतं ते लिहून कळवा, म्हणजे नेमकी झाडं सुचवता येतील.