साल्व्हेशनला मोक्ष म्हणायचं की तारण?

प्रश्न असा आलाय, की दादरच्या पोर्तुगीज चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, तर मुलीने विचारलं साल्व्हेशन म्हणजे मोक्ष ना, बाबांनी हो म्हणून टाकलं, आणि शेजारच्या कॅथलिक मावशी म्हणाल्या की अहो आमच्यात तारण म्हणतात. आता तारण तर पतपेढीत ठेवतात, सोनेतारण कर्जाची पाटी आपण रोज बघतो, मग बरोबर काय? आणि जाता जाता, 'पर्पज ऑफ लाइफ'ला मराठीत काय म्हणायचं?

मावशी बरोबर आहेत. आणि पतपेढीवालेही.

तारण हा 'तॄ' धातूचा शब्द, तरणे, तरून जाणे, तारणे सगळे त्याचेच भाऊबंद. त्यात चित्र पाण्याचं आहे, कोणीतरी बुडतोय आणि दुसरा त्याला पैलतीराला नेतोय. मराठी ख्रिस्ती लोक पापापासून तारण म्हणतात, येशूला तारणारा म्हणतात, कारण तिथे वाचवणारा दुसरा कोणीतरी लागतो, आपलं आपण पोहून जायची सोय नाही. पतपेढीचं काय म्हणाल तर मराठीत पैसे बुडतात, कर्ज बुडीत जातं, मग ते बुडू नये म्हणून जे ठेवून घेतात ते तारण, मला तरी हा संबंध इतका सरळ दिसतो की दोन वेगळे शब्द मानायची गरजच वाटत नाही.

मोक्ष मात्र पाण्याचा नाही, गाठीचा आहे. 'मुच्' म्हणजे सोडणे, त्यावरून मुक्ती, मुक्त, मुमुक्षू (म्हणजे सुटायची इच्छा असलेला) आणि मोक्षसुद्धा त्याच घरातला. पंचांगात ग्रहणाच्या वेळा बघा, स्पर्श, मध्य आणि शेवटी मोक्ष, तिथे अध्यात्म काही नाही, ग्रहण सुटलं एवढंच. चाळीत लहानपणी 'दे दान सुटे गिराण' ओरडत येणारे लोक ज्यांनी ऐकलेत त्यांना मोक्षाचा अर्थ वेगळा सांगायला नको. आजारपणात फार हाल काढून कोणी गेलं की आपण म्हणतो ना, सुटला बिचारा, तो मोक्षाचा घरगुती अवतार. (मुंबईकराला सुटण्याचं दुखणं वेगळंच, ऑफिस सुटलं तर आनंद आणि त्यानंतर सहा दहाची सुटली तर शिव्या.)

तर फरक इथे आहे, की मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून आणि तारण पापातून. चर्चच्या नावाला मोक्ष लावलं तर शब्द भारदस्त वाटेल पण अर्थ पाटी बदलून दुसऱ्याच गल्लीत जाईल. तसंच निर्वाणाचं, त्यात दिवा विझण्याचं चित्र आहे, तृष्णेची आग विझणं. तुमच्याच दादरला दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक येतात त्या दिवसाला महापरिनिर्वाण दिनच म्हणतात, मोक्षदिन कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये.

मुक्ती आणि मोक्ष एकाच धातूचे असले तरी मराठीत त्यांचे संसार वेगळे झालेत. स्त्रीमुक्ती, कर्जमुक्ती, मराठवाडा मुक्तिसंग्राम हे चालतं, पण कर्जमोक्ष म्हणून बघा, बँकवाला हसेल. शिवाय मुक्तीचे आपल्याकडे चार प्रकार, सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता, म्हणजे देवाच्या गावात राहणं, जवळ राहणं, त्याच्यासारखं होणं आणि त्याच्यातच मिसळून जाणं. आणि एवढी व्हरायटी समोर असून तुकोबा देवाला सांगतात की मुक्ती नको, संतांची संगत दे आणि खुशाल परत गर्भवासात घाल! हे मला कायम भारी वाटत आलंय.

उद्धार राहिलाच. उद् म्हणजे वर, खड्ड्यातून वर काढणं. अहल्येचा उद्धार, देवळाचा जीर्णोद्धार. पण लोकलमध्ये पायावर पाय पडला की समोरचा आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो तोही हाच, त्यामुळे जरा जपून वापरा.

आता पर्पज. जुना शब्द पुरुषार्थ, माणसाने मिळवायच्या चार गोष्टी, धर्म, अर्थ, काम, मोक्ष. नेमका हवा तो शब्द, पण आपण त्याची वाट लावली, 'बायकोवर ओरडण्यात कसला पुरुषार्थ' असं म्हणून म्हणून तो मर्दुमकीचा करून टाकला, आता मुलीला तो शब्द दिलात तर ती विचारेल मग आम्ही काय करायचं. प्रयोजन बरोबर आहे पण अर्जात लिहिल्यासारखं वाटतं. ध्येय ठीक, फक्त ते परीक्षेतल्या टक्क्यांनाही चालतं.

सार्थक गोड शब्द आहे, पण त्याची एक अट आहे, तो मागे वळून बघताना म्हणायचा. नातवंडाला मांडीवर घेऊन आजी म्हणते जन्माचं सार्थक झालं, पण विशीतल्या पोराने 'माझं सार्थक अमुक आहे' म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. पर्पज पुढे बघतं, सार्थक मागे. तेव्हा मुलीला निबंधबिबंध लिहायचा असेल तर सरळ 'जगायचं कशासाठी' असं लिहू दे, आणि चर्चला तारण.