चिनी अक्षर वाचायचं कसं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चिनी लिपीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. मूळ अक्षरं इथे छापलेली नसल्यामुळे प्रत्येक अक्षराचे भाग शब्दांत सांगितले आहेत. कागद-पेन्सिल जवळ ठेवलीत तर वाचता वाचता काढून बघता येईल. उच्चार देवनागरीत शक्य तितके जवळचे दिले आहेत.

प्रश्न : आपण चिनी लिपीला 'चित्रलिपी' म्हणतो. मग प्रत्येक अक्षर म्हणजे एक चित्र, असं धरून ती शिकता येईल का? (नाशिक)

सुरुवातीच्या शंभरेक अक्षरांपर्यंत हे चालतं. पुढे मात्र हीच समजूत आडवी येते.

सूर्य, चंद्र, डोंगर, झाड, घोडा ही अक्षरं खरोखर चित्रांवरून आली. हनान प्रांतातल्या आनयांगजवळ बैलांच्या खांद्याची हाडं आणि कासवांची कवचं सापडली, त्यांवर इसवी सनापूर्वी तेराव्या शतकापासूनचे कोरीव लेख आहेत. राजाने पूर्वजांना आणि देवांना विचारलेले प्रश्न आहेत ते. त्यांत घोड्याची आयाळ आणि शेपूट स्पष्ट दिसते. झाडाचं अक्षर घ्या: एक उभी रेघ, वरच्या भागात एक आडवी, आणि जिथे त्या छेदतात तिथून खाली दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या. दोन झाडं शेजारी काढली की झाडी, तीन काढली की रान. झाडाच्या बुंध्याशी छोटी आडवी रेघ मारली की 'मूळ', शेंड्याला मारली की 'टोक'.

पण अमूर्त गोष्टींची चित्रं काढणार कशी? 'विनंती', 'भावना', 'स्वच्छ' कसं दाखवणार? इथे चिनी लिपीने जी युक्ती केली, तीच तिचा कणा आहे. अक्षराचे दोन भाग करायचे. एक भाग अर्थाची दिशा सांगतो, दुसरा उच्चार सुचवतो. आपण त्यांना अर्थखूण आणि ध्वनिखूण म्हणू. 'आई' या अर्थाचं 'मा' हे अक्षर डावीकडे 'बाई' आणि उजवीकडे 'घोडा' असं लिहितात. घोड्याचा तिथे आईशी काहीही संबंध नाही. घोड्यालाही 'मा' म्हणतात, फक्त सूर, म्हणजे उच्चारातला आवाजाचा चढउतार, वेगळा (प्रमाण चिनीत असे चार सूर आहेत), म्हणून तो उच्चारापुरता आणून बसवला आहे.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण 'छिंग' या अक्षराचं आहे. मूळ अर्थ हिरवा-निळा रंग. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन ठिपके दिले की 'स्वच्छ, नितळ', सूर्य दिला की 'निरभ्र आकाश', बोलण्याची खूण दिली की 'कृपया, विनंती', उभं हृदय दिलं की 'भावना'. चारही अक्षरांचा उच्चार छिंगच, सूर मात्र सगळ्यांचा एक नाही. डोळा दिला की 'बुबुळ', तिथे उच्चार 'चिंग' होतो. एक ध्वनिखूण नीट शिकली की पाच अक्षरं हाती लागतात.

शू शन या पंडिताने इसवी सन 100 च्या सुमारास 9,353 अक्षरांचा कोश 540 गटांत लावला. त्यातली बहुसंख्य अक्षरं तेव्हाही याच दोन खुणांच्या जातीची होती. आज ढोबळमानाने पाचांतली चार अक्षरं तशी आहेत. ध्वनिखूण फसवतेही, कारण दोन हजार वर्षांत उच्चार सरकले. 'मोठी नदी' या अर्थाच्या अक्षरात पाणी आणि 'कुंग' आहे, पण आज उच्चार होतो 'चिआंग'. हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत मात्र ही जोडी 'कोंग' आणि 'कुंग' अशी अजून शेजारी आहे.

म्हणून 'छपराखाली डुक्कर म्हणजे घर' यांसारख्या गोष्टी लक्षात ठेवायला जरूर वापरा, अक्षराचा इतिहास म्हणून सांगू नका.

प्रश्न : एकूण अक्षरं किती, आणि उच्चार माहीत नसलेलं अक्षर कोशात शोधायचं कसं? (पुणे)

1716 च्या खांगशी कोशात 47,000 हून जास्त आहेत, पण तो आकडा बघून घाबरू नका. चीन सरकारच्या 2013 च्या प्रमाण यादीत 8,105 अक्षरं आहेत आणि त्यातली पहिल्या पातळीची 3,500 रोजच्या वाचन-लेखनासाठी आहेत.

शोधण्याची रीत अशी. आधी अर्थखूण ओळखा. खांगशी कोशाच्या पद्धतीत अशा 214 खुणा आहेत आणि त्या रेघांच्या संख्येप्रमाणे लावलेल्या असतात. मग उरलेल्या भागातल्या रेघा मोजा. वरचं 'नितळ' घ्या: पाण्याचे तीन ठिपके हे 'पाणी' या चार रेघांच्या अक्षराचं आखूड रूप, म्हणून ही खूण चार रेघांच्या गटात सापडेल, तिच्या पानावर जाऊन आठ रेघांच्या रांगेत पाहायचं.

मोजताना चूक होते ती वळणावर. 'तोंड' हे अक्षर म्हणजे रिकामा चौकोन. आपण त्याच्या चार रेघा मोजतो, पण त्या तीन आहेत: आधी डावी उभी, मग वरची आडवी हात न उचलता उजवीकडून खाली वळवलेली, शेवटी तळाची. म्हणूनच रेघांचा क्रम पाठ करायचा असतो. आडवी आधी, उभी नंतर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकटीच्या आतला भाग भरायचा आणि मगच तळाची रेघ ओढून दार लावायचं. क्रम चुकला तर अक्षराचा तोल जातो आणि भरभर लिहिलेलं दुसऱ्याचं अक्षर तर वाचताच येत नाही, कारण लपेटीतल्या जोडरेघा त्या क्रमानेच पडतात.

लांबीही सांभाळा. दोन आडव्या आणि एक उभी रेघ: खालची आडवी लांब असेल तर 'माती', वरची लांब असेल तर 'विद्वान'. झाडाच्या माथ्यावर जादा आडवी रेघ लांब काढली तर 'टोक', आखूड काढली तर 'अजून नाही'. सरावाला चौकटीत उभी-आडवी तुटक रेघ असलेली वही घ्या, साध्या रेघी वहीत हे फरक हाताला कळत नाहीत.

प्रश्न : 'संकट' या चिनी शब्दात 'धोका' आणि 'संधी' अशी दोन अक्षरं असतात, असं भाषणांत ऐकतो. खरं आहे का? (ठाणे)

अर्धंच. शब्द आहे 'वेइ-ची'. 'वेइ' म्हणजे धोका, हे बरोबर. 'ची' म्हणजे इथे निर्णायक घडी, गोष्टी जिथून वळण घेतात तो क्षण. 'संधी' या शब्दात हे अक्षर येतं, तसंच ते 'विमान' आणि 'यंत्र' यांतही येतं. एकट्या 'ची'चा अर्थ संधी होत नाही. भाषणासाठी दुसरं उदाहरण शोधा.

प्रश्न : चिनी नववर्षाला दारावर लाल कागदावरचं एक अक्षर उलटं का लावतात? आणि चार या आकड्याची एवढी धास्ती कशाला? (नागपूर)

दोन्हींचं मूळ एकच. चिनी भाषेत सारख्या उच्चाराचे शब्द भरपूर, त्यामुळे एक शब्द ऐकताच दुसरा मनात येतो.

ते अक्षर 'फू', म्हणजे भाग्य, कल्याण. डावीकडे देवपूजेची खूण, उजवीकडे ध्वनिखूण. 'फू उलटं झालं' हे वाक्य 'फू आलं' असंच ऐकू येतं, कारण उलटं होणं आणि येणं दोन्ही 'ताओ'. मात्र मुख्य दारावर अक्षर सुलटंच हवं, तिथे भाग्याचं स्वागत रीतसर व्हायला पाहिजे, असं अनेक जाणकार मानतात. उलटं लावायचं ते घरातल्या कपाटावर, पाण्याच्या रांजणावर. जुन्या चिनी नक्षीकामात जागोजागी वटवाघळं दिसतात त्याचंही कारण इथेच आहे. वटवाघूळही 'फू', आणि त्या अक्षरात उजवीकडे हीच ध्वनिखूण असते. फक्त डावीकडे देवाऐवजी किड्याची खूण येते.

नववर्षाला दाराच्या दोन बाजूंना लिहून लावायच्या जोड-ओळींचेही नियम आहेत. दोन्ही ओळींत अक्षरांची संख्या सारखीच हवी. पारंपरिक रीतीत पहिली ओळ दाराकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे येते. कुठली पहिली हे शेवटच्या अक्षराच्या सुरावरून ओळखतात: तिसऱ्या किंवा चौथ्या सुरावर संपते ती पहिली, पहिल्या किंवा दुसऱ्यावर संपते ती दुसरी.

'चार' आणि 'मरणं' यांच्यात फक्त सुराचा फरक आहे, म्हणून कित्येक इमारतींत चौथा मजला क्रमांकातून गाळलेला असतो. आपल्याकडच्या कंपन्यांनी लक्षात ठेवण्यासारखी बाब वेगळीच आहे. दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायची आपली रीत चिनी पाहुण्यापुढे टाळा. 'घड्याळ देणं' म्हणजे 'सुंग चुंग', आणि आईवडिलांच्या अखेरच्या क्षणी जवळ असणं, त्यांचे अंत्यविधी करणं हेही 'सुंग चुंग'. मनगटी घड्याळाला वेगळा शब्द आहे, ते चालतं.

लिहिलेल्या अक्षराबद्दलचा आदर याहून खोल आहे. त्सांग-च्ये याने अक्षरं निर्माण केली तेव्हा आकाशातून धान्य बरसलं आणि रात्री भुतं रडली, अशी कथा आहे. लिहिलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही, तो गोळा करून खास बांधलेल्या छोट्या मनोऱ्यात जाळायचा, ही रीत दक्षिण चीन आणि तैवानमध्ये होती. काही मनोरे अजून उभे आहेत. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या माणसांना ही भावना समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : सोपी अक्षरं शिकावीत की पारंपरिक? (बंगळुरू)

मुख्य भूमी चीन आणि सिंगापूरसाठी सोपी. तैवान, हाँगकाँग, मकाऊसाठी पारंपरिक. चीन सरकारच्या 1956 च्या योजनेने रेघा कमी केल्या: घोडा दहावरून तीनवर आला, ड्रॅगन सोळावरून पाचवर. यातली पुष्कळ रूपं कुंचल्याच्या लपेटीत शतकानुशतकं लिहिली जात होती. 'प्रेम' या अक्षराच्या मधलं हृदय गेलं आणि खाली 'मित्र' आला, याची हळहळ अजून ऐकू येते, आणि ती आम्हालाही पटते.

खरी अडचण वेगळी आहे. काही ठिकाणी दोन अक्षरांचं एकच केलं गेलं. 'केस' आणि 'बाहेर पडणं' ही पारंपरिक लिपीत वेगळी अक्षरं सोप्या लिपीत एक झाली. 'नंतर' आणि 'राणी' यांचंही तसंच. त्यामुळे सोप्यातला मजकूर संगणकाने पारंपरिकात बदलला की केशकर्तनालयाच्या पाटीवर भलतंच अक्षर येऊ शकतं. तैवानला पाठवायचं पत्रक माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : व्हिजिटिंग कार्डावर चिनी अक्षरांत नाव छापायचं आहे, आणि मुलाला तेच हातावर गोंदवायचं आहे. काय काळजी घ्यावी? (सोलापूर)

पहिली गोष्ट, 'ए म्हणजे हे अक्षर, बी म्हणजे ते' असे तक्ते बाजारात मिळतात, ते साफ खोटे आहेत. चिनी अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार आणि त्याचा अर्थ. सुटं व्यंजन लिहिताच येत नाही.

नाव दोन रीतींनी होतं. एक, नुसता उच्चार उतरवायचा. आजच्या नकाशात आपलं राज्य 'मा-हा-ला-श-थ-ला' असं लिहितात, शब्दशः घोडा-हा-ओढणे-देणे-खास-ओढणे, आणि शेवटी राज्य या अर्थाचं 'पांग'. स्थलनामात कुणी हे अर्थ लावत बसत नाही. सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात आलेल्या शुआनत्सांग (ह्युएनत्संग) या चिनी बौद्ध यात्रेकरूने याच प्रदेशाचं नाव 'मो-ह-ला-छा' असं चार अक्षरांत उतरवलं होतं. त्यातली पहिली दोन बौद्ध ग्रंथांतल्या 'महा'साठी ठरलेली होती.

दुसरी रीत, चिनी माणसाचं वाटेल असं नाव घडवायचं. याचा नमुना तुमच्याच गावचा आहे. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे 'ख ती-ह्वा' झाले. रोमन लिपीवरून आपण ते 'के दिहुआ' असं वाचतो. 'ख' हे खरंखुरं चिनी आडनाव, कोटणीसमधल्या 'को'जवळचं, अर्थ फांदी. 'ती' हे एका फुलझाडाचं नाव, आणि जुन्या पत्रलेखनात हेच अक्षर 'धाकटा भाऊ' म्हणून वापरत. 'ह्वा' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे 'ह्वा' आहे. कोटणीसांच्या मुलाचं नाव 'यिन-ह्वा' ठेवलं: भारत आणि चीन.

तुमच्यासाठी क्रम असा. एकूण दोन किंवा तीन अक्षरं ठेवा. पहिलं अक्षर चिनी आडनावांतलं घ्या. जोशी असाल तर 'छिआओ-शी' जुळतं: 'छिआओ' हे प्रचलित आडनाव, अर्थ उंच, आणि 'शी' म्हणजे आशा. प्रमाण चिनीत ग, द, ब हे घोष ध्वनी नाहीत, तिथे भेद आपल्या क-ख, त-थ सारखा असतो, त्यामुळे 'गोविंद' हुबेहूब उतरणार नाही हे मान्य करून चला. परकीय 'र' बहुधा 'ल' होतो. मीराचं 'मी-ला' केलं तर 'तांदूळ-ओढणे' होईल, आणि तो 'ला' बोलण्यात जुलाब होण्यासाठीही वापरतात. मुलीच्या नावात त्याऐवजी 'लान', म्हणजे ऑर्किड, घालता येतं.

नाव ठरलं की दोन-तीन चिनी भाषकांना मोठ्याने वाचायला सांगा, सलग आणि आडनावासह. हाँगकाँगशी व्यवहार असेल तर कँटोनीज बोलणाऱ्यालाही विचारा, कारण अक्षर तेच राहून उच्चार बदलतो. 'हाँगकाँग'लाच बीजिंगमध्ये 'शिआंगकांग' म्हणतात, अक्षरं दोन्हीकडे तीच: सुगंधी बंदर.

गोंदवण्यापूर्वी नाव मोठ्या छापील आकारात घ्या आणि कागदावर 'वर' असं लिहून बाण काढा. नक्षी त्वचेवर उमटवताना ती आरशातल्यासारखी उलटू शकते आणि अक्षर माहीत नसलेल्या कारागिराला ते कळत नाही. सुई लावण्याआधी उमटलेली नक्षी आणि छापील कागद यांतल्या रेघा एक-एक करून मोजा.